सपाटीवरच्या पाट्या

प्रवासवर्णनाला डोंगर चालतो, समुद्र चालतो, अरण्य आणि वाळवंट तर विशेष मानवते, फार काय एखादी दलदलही गोड मानून घेता येते. मैदानाशी मात्र या वाङ्मयप्रकाराचे कधी जमले नाही. याचे कारण मैदानाच्या व्याख्येतच आहे. ज्या भूभागात उंचसखलपणा इतका अल्प असतो की पाहणाऱ्याची नजर कोठेही न अडखळता क्षितिजापर्यंत जाते आणि तेथेही काही न सापडल्यामुळे तशीच परत येते, त्या भूभागास मैदान म्हणावे, अशी व्याख्या भूगोलाच्या पुस्तकांत आढळत नसली, तरी मोटारीच्या मागच्या आसनावर बसून मैदान ओलांडणाऱ्या कोणत्याही प्रवाशास ती मान्य व्हावी. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी, रॉकी पर्वताच्या पूर्वेस, कॅनडापासून टेक्सासपर्यंत जो गवताळ पट्टा पसरला आहे त्यास ग्रेट प्लेन्स म्हणतात, आणि त्याच्या उत्तर भागाचा, म्हणजे मुख्यतः दोन्ही डकोटा राज्ये व माँटानाचा पूर्वभाग यांचा, उल्लेख उत्तरेची मैदाने असा केला जातो. प्रस्तुत लेखात त्यांपैकी दक्षिण डकोटा हे राज्य पूर्वेकडून पश्चिमेकडे मोटारीने ओलांडण्यास लागणाऱ्या एका दिवसाचा विचार केला आहे.

या राज्याचा थोडा परिचय करून देणे आवश्यक आहे, कारण पुष्कळ अमेरिकनांनाही तो नसतो. २ नोव्हेंबर १८८९ रोजी उत्तर डकोटा आणि दक्षिण डकोटा यांना एकाच दिवशी राज्याचा दर्जा मिळाला, तेव्हा कोणाचा क्रमांक आधीचा यावरून पुढे तंटा होऊ नये म्हणून राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी दोन्ही कागद झाकून, वरखाली करून सह्या केल्या, आणि त्यामुळे थोरले राज्य कोणते हे आजतागायत कोणासही ठाऊक नाही; भावंडांच्या भांडणात इतका दूरदर्शी वडीलधारा क्वचितच लाभतो. दक्षिण डकोटाचे क्षेत्रफळ सुमारे २ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दोन तृतीयांश आहे, आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ८,८६,६६७, म्हणजे २०११ मधील पिंपरी-चिंचवडच्या साधारण निम्मी आहे. गुरांची संख्या माणसांच्या चौपटीच्या आसपास असल्याने प्रवाशाकडे वळून पाहणाऱ्या डोळ्यांत बहुमत कोणाचे असते, हे वेगळे सांगावयास नको.

सिॲटलपासून बॉस्टनपर्यंत सुमारे ४,८६० किलोमीटर धावणारा आंतरराज्य महामार्ग क्रमांक ९० या राज्यातून आडवा जातो, आणि त्याची येथील लांबी सुमारे ६६४ किलोमीटर भरते. २०१५ पासून या रस्त्यावर ताशी ८० मैल, म्हणजे जवळपास १२९ किलोमीटर वेगाची कायदेशीर मुभा आहे. भागाकार केल्यास हा प्रवास सव्वापाच तासांत संपावयास हवा. प्रत्यक्षात तो सकाळच्या न्याहारीनंतर सुरू होऊन दिवस मावळण्याच्या सुमारास संपतो. मधले तास कोठे जातात, हा खरा संशोधनाचा विषय असून त्याचे उत्तर रस्त्याच्या कडेला लाकडी फळ्यांवर ठळक अक्षरांत रंगवून ठेवलेले आहे. ज्या प्रदेशात पाहण्यासारखे फारसे काही नाही असे प्रवाशास वाटते, त्या प्रदेशात पुढे काहीतरी आहे ही आशाच विकण्याजोगी वस्तू होते, आणि तिचा व्यापार दक्षिण डकोटाने ज्या चिकाटीने केला तसा अन्य कोणी क्वचितच केला असेल.

शिकागो, मिनीॲपोलिस या शहरांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही या व्यापारात ग्राहक म्हणून सामील आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत, विशेषतः भारतातून आईवडील सहा महिन्यांसाठी आलेले असताना, माउंट रशमोर आणि पुढे यलोस्टोन अशी आखणी होते आणि सात आसनांची गाडी पहाटे निघते. गाडीच्या अंतर्गत रचनेचे काही नियम सर्वत्र सारखे आढळतात. चालकाशेजारचे आसन आजोबांना मिळते, कारण त्यांना नीट दिसावे असे सर्वांना वाटते, आणि आजोबांना जे नीट दिसते ते सर्व ते मोठ्याने वाचून दाखवतात. मधल्या रांगेत आजी बसतात व त्यांच्या पायांशी तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, लसणाची चटणी आणि चिवडा यांची पिशवी असते. ही पिशवी डिकीत ठेवावी असा प्रस्ताव दरवर्षी मांडला जातो आणि दरवर्षी फेटाळला जातो. या पिशवीस अवाजवी समजू नये. ज्या राज्याच्या विधिमंडळाने २०१८ मध्ये चिस्लिक या पदार्थास, म्हणजे तळलेल्या किंवा भाजलेल्या मांसाच्या चौकोनी तुकड्यांना, अधिकृत राज्यखाद्याचा मान दिला, त्या राज्यात शाकाहारी माणसाने घटनात्मक मार्गाने पोट भरण्याची आशा फार ठेवू नये. मागच्या रांगेत नातवंडे असतात, आणि त्यांच्या कानांत यंत्रे असल्यामुळे ती या लेखाच्या कक्षेबाहेर आहेत.

पहिल्या तासात रस्त्याची स्तुती होते. गुळगुळीतपणा, रुंदी, हॉर्नचा अभाव आणि रस्त्यावर म्हैस नसणे या चार मुद्द्यांवर आजोबा सविस्तर बोलतात व मुंबई-गोवा महामार्गाचा विषय निघून वातावरण काही काळ गंभीर होते. दुसऱ्या तासात स्तुती ओसरते, कारण स्तुतीस नवा मुद्दा मिळत नाही. मक्याचे शेत संपते आणि सोयाबीनचे सुरू होते, ते संपल्यावर पुन्हा मका लागतो, आणि मधूनमधून गवताचे गोल भारे मैदानात पडलेले दिसतात, जे पहिल्यांदा पाहताना छायाचित्रास योग्य वाटतात आणि तासाभरानंतर कोणी मान वळवत नाही.

या एकसुरीपणास निसर्गाइतकाच कायदाही जबाबदार आहे. १७८५ च्या भूमापनविषयक अध्यादेशाने अमेरिकेतील सार्वजनिक जमीन सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा विभागांत आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा एकेक चौरस मैलाच्या ३६ तुकड्यांत मोजणी करण्याची पद्धत घालून दिली, आणि १८६२ च्या होमस्टेड कायद्याने, म्हणजे वस्ती करून जमीन कसणाऱ्यास ती नाममात्र शुल्कात देणाऱ्या कायद्याने, अशा तुकड्याचा चौथा हिस्सा, १६० एकर, प्रत्येक अर्जदारास देऊ केला. नदी, टेकडी, पाणवठा यांपैकी कशाचीही भीड न ठेवता हा सारा प्रदेश ताटात थापलेल्या वड्यांप्रमाणे कापला गेला, आणि वड्यांच्या कडांवरून रस्ते काढले गेल्यामुळे येथील ग्रामीण रस्ते मैलामैलावर एकमेकांस काटकोनात छेदतात. पृथ्वी गोल असल्याने उत्तरेकडे जाणाऱ्या रेषा एकमेकींच्या जवळ येतात व चौकोन चौकोन राहत नाहीत, ही अडचण मोजणीदारांच्या लक्षात आली, तेव्हा त्यांनी ठरावीक अंतरावर दुरुस्तीची रेषा आखून रस्त्यास अचानक बाजूला सरकवले. आजही सरळ उत्तरेकडे निघालेला एखादा रस्ता काही कारण दिसत नसताना एकदम वळतो, थोडे चालतो आणि पुन्हा सरळ होतो. ज्यांना पृथ्वीच्या गोलाईबद्दल शंका आहे त्यांनी हे वळण गाडी न उलटवता घेऊन पाहावे.

अशा रस्त्यावर गाडी चालवणे ही क्रिया हळूहळू गाडीत बसण्याच्या क्रियेत विलीन होते. त्यास क्रूझ कंट्रोल नावाचे साधन कारणीभूत आहे. एकदा वेग ठरवून दिला की पायाने दट्ट्या दाबून न धरताही गाडी तोच वेग राखते, अशी ही योजना असून तिचे एकस्व, म्हणजे पेटंट, १९५० मध्ये राल्फ टीटर या अभियंत्यास मिळाले आणि १९५८ च्या क्रायस्लर गाड्यांत ती प्रथम बसवली गेली. टीटर लहानपणीच पूर्णपणे दृष्टिहीन झाले होते. आपल्या वकिलाच्या शेजारी बसून प्रवास करताना तो बोलू लागला की गाडी मंदावते आणि ऐकू लागला की वेग घेते, हे त्यांच्या ध्यानात आले व त्यातून ही कल्पना सुचली, असे सांगतात. मराठी कुटुंबांच्या गाडीत बोलणे आणि ऐकणे या दोन्ही क्रिया एकाच वेळी चालत असल्याने तेथे हा शोध लागणे संभवनीय नव्हते.

कंटाळ्याच्या या अवस्थेत प्रवाशाचे दोन आधार असतात. पहिला अंकांचा. अमेरिकेतील पूर्व-पश्चिम महामार्गांवर मैलांची गणना प्रत्येक राज्याच्या पश्चिम सीमेपासून सुरू होते आणि बाहेर पडण्याच्या फाट्यांना, ज्यांना तेथे एक्झिट म्हणतात, बहुधा त्या मैलाचाच क्रमांक दिला जातो. त्यामुळे पश्चिमेकडे जाणाऱ्यास हे आकडे चारशेच्या पुढून शून्याकडे उतरताना दिसतात. आकडे वाढत जाणाऱ्या प्रवासात माणूस किती आलो ते मोजतो, उतरत जाणाऱ्या प्रवासात किती उरले ते मोजतो, आणि निवृत्त बँक अधिकारी असलेल्या आजोबांना कर्जफेडीच्या या पद्धतीचे मनापासून समाधान वाटते.

दुसरा आधार पाट्यांचा, आणि येथे मराठी वाचकास एका तौलनिक मुद्द्याकडे लक्ष द्यावे लागेल. महाराष्ट्रात पाटी या प्रकाराचा सर्वोच्च विकास पुणे शहरात झाला हे सर्वमान्य आहे. परंतु पुणेरी पाटीचा मूळ स्वभाव नकाराचा आहे. ती फाटकासमोर वाहन लावू नये, दुपारी १ ते ४ घंटा वाजवू नये, आणि अन्य जे काही करावयाचे तेही शक्यतो करू नये असे सांगते. तिचा हेतू येणाऱ्याचा उत्साह कमी करणे हा असतो. दक्षिण डकोटाची पाटी याच्या नेमकी उलट आहे. ती कोसाकोसावर उभी राहून, अजून दोनशे मैल दूर असलेल्या दुकानात या, असे आर्जव करते. घनदाट वस्तीत राहणाऱ्या माणसास माणसे टाळण्यासाठी पाटी लागते आणि ओसाड जागी राहणाऱ्यास ती गोळा करण्यासाठी, एवढाच या दोन परंपरांतील फरक आहे.

पाटी मोठी करीत नेली की तिची इमारत होते, याचा पुरावा मिचेल या गावी मिळतो. १८९२ मध्ये येथील नागरिकांनी, आपली जमीन सुपीक आहे हे नव्या वसाहतकारांना पटावे म्हणून, मक्याच्या कणसांनी आणि धान्याने मढवलेली एक इमारत उभारली व तिला कॉर्न पॅलेस, म्हणजे मक्याचा महाल, असे नाव दिले. सध्याची इमारत १९२१ ची असून तिच्यावरील घुमट आणि मिनार १९३७ च्या सुमारास चढवले गेले, त्यामुळे अमेरिकेच्या अंतर्भागातील या शेतकरी गावात शिरणाऱ्यास आपण चुकून तुर्कस्तानात उतरलो की काय असा भास होतो. इमारतीच्या बाहेरील भिंतींवर वेगवेगळ्या रंगांची कणसे उभी चिरून खिळ्यांनी ठोकतात आणि त्यांतून भव्य चित्रे साकारतात. ही चित्रे सामान्यतः दरवर्षी बदलली जातात, आणि १९४८ पासून दोन दशकांहून अधिक काळ ती यँक्टोनाई डकोटा जमातीचे प्रसिद्ध चित्रकार ऑस्कर हाउ यांच्या आराखड्यांवरून सजवली जात होती. आत बास्केटबॉलचे मैदान आहे, आणि गावच्या शाळेच्या संघाचे नाव कर्नल्स, म्हणजे मक्याचे दाणे, असे आहे. सैन्यातील हुद्द्यावरून हे नाव पडले असावे अशी आजोबांची समजूत होते, आणि ती दूर करण्यात कोणाचेच हित नसते.

मक्याच्या महालाविषयी दोन गटांचे मत विशेष नोंदवण्यासारखे आहे. पक्षी आणि खारी यांनी या इमारतीस कलाकृती म्हणून मान्यता दिलेली नसून ते तिच्याकडे निव्वळ आहार म्हणून पाहतात, आणि हिवाळ्यापर्यंत काही चित्रांतील तपशील त्यांच्या पोटात गेलेला असतो. दुसरा गट मराठी आज्यांचा. अडीच-पावणेतीन लाख कणसे भिंतीला ठोकणाऱ्या गावात निखाऱ्यावर भाजून, लिंबू आणि तिखटमीठ चोळलेले एक कणीस विकत मिळू नये, ही गोष्ट त्यांच्या तर्कबुद्धीस पटत नाही. लाह्यांचे गोड लाडू मिळतात, या उत्तराने तर त्यांचा मिचेलच्या एकूण नियोजनावरील विश्वास उडतो. सौंदर्यशास्त्राच्या दृष्टीने पक्षी आणि आज्या यांची भूमिका एकच आहे, आणि ती सहज खोडून काढता येईल अशी नाही.

मिचेलनंतर सुमारे शंभर किलोमीटरवर चेम्बरलेन येथे मिसूरी नदी लागते आणि दिवसात प्रथमच गाडीतील सर्वजण एकाच वेळी खिडकीबाहेर पाहतात. रस्ता एकदम खाली उतरतो, धरणामुळे रुंदावलेले पाणी समोर येते, आणि पलीकडे उंच, बोडक्या, गवताळ टेकड्या दिसतात. हिमयुगातील बर्फाच्या थरांची पश्चिम कड ढोबळमानाने या नदीच्या आसपास होती, म्हणून पूर्वेकडील जमीन सपाट, मातीदार व शेतीची, तर पश्चिमेकडील उंचसखल आणि चराईची आहे. राज्यातील लोक स्वतःची ओळख नदीच्या अलीकडचा किंवा पलीकडचा अशी करून देतात आणि दोघांच्याही मते खरे राज्य आपल्या बाजूस आहे. नदी ओलांडल्यावर थोड्याच वेळात १०० अंश पश्चिम रेखावृत्त येते. त्याच्या पश्चिमेस वार्षिक पाऊस साधारण ५० सेंटीमीटरच्या खाली जातो व केवळ पावसावर शेती भरवशाची राहत नाही, असा इशारा जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात दिला होता. परंतु १६० एकर मोफत मिळत असताना अहवाल वाचण्याची प्रथा कोणत्याही देशात नाही.

नदीकाठच्या विश्रामस्थळी २०१६ मध्ये उभारलेला, तारकांची गोधडी पांघरलेल्या आदिवासी स्त्रीचा पोलादी पुतळा आहे. सुमारे १५ मीटर उंचीच्या या पुतळ्याचे नाव डिग्निटी, म्हणजे प्रतिष्ठा, असे आहे. हे मैदान रिकामे असल्याचे प्रवाशास वाटते, पण ते मुळात रिकामे नव्हते, रिकामे केले गेले. १८६८ च्या फोर्ट लॅरमी कराराने नदीच्या पश्चिमेचा राज्याचा सारा भाग, ब्लॅक हिल्स डोंगरांसह, सू जमातींकडे राहील असे ठरले. १८७४ मध्ये त्या डोंगरांत सोने सापडले आणि १८७७ मध्ये ते काढून घेण्यात आले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मंजूर केली, ती जमातींनी आजवर स्वीकारलेली नाही, आणि व्याजासह ती रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. त्यांना पैसे नकोत, डोंगर हवेत. त्याच डोंगरांत, माउंट रशमोर येथे, १९२७ ते १९४१ या काळात चार राष्ट्राध्यक्षांचे सुमारे १८ मीटर उंचीचे चेहरे कोरले गेले. ही कल्पना प्रथम मांडणारे डोन रॉबिन्सन हे राज्याचे अधिकृत इतिहासकार होते आणि पर्यटक यावेत हा त्यांचा उद्देश त्यांनी लपवून ठेवला नव्हता. पाटीसाठी एखाद्या राज्याने अख्खा पर्वत खर्ची घातल्याची, आणि तोही दुसऱ्याचा, उदाहरणे फार नाहीत.

पाट्यांच्या या शास्त्राचे खरे आचार्यपद मात्र वॉल या गावातील एका औषधाच्या दुकानाकडे जाते. १९३१ च्या डिसेंबरात टेड हस्टेड या तरुण औषधविक्रेत्याने आणि त्यांची पत्नी डोरोथी यांनी हे दुकान घेतले, तेव्हा मंदी, अवर्षण आणि काही शेकड्यांची वस्ती एवढेच त्यांच्या वाट्यास आले होते. पाच वर्षे धीर धरावयाचा असे त्यांनी ठरवले, आणि पाचवे वर्ष संपत आले तरी गिऱ्हाईक फिरकेना. १९३६ च्या उन्हाळ्यात एका तापलेल्या दुपारी डोरोथी झोपण्यासाठी घरी गेल्या, पण महामार्गावरून धडधडत जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजाने त्यांना झोप लागली नाही, आणि पडल्यापडल्या विचार करताना त्यांच्या ध्यानात आले की या भाजून निघालेल्या माणसांना औषध नको आहे, बर्फाचे पाणी हवे आहे. त्या काळी बर्मा-शेव्ह नावाच्या दाढीच्या मलमाची जाहिरात रस्त्याकडेला ओळीने लावलेल्या छोट्या पाट्यांवर एकेक चरण लिहून केली जात असे. त्याच धर्तीवर फुकट बर्फाच्या पाण्याचे आमंत्रण रंगवून टेड यांनी पाट्या ठोकल्या, आणि ठोकून परत येईपर्यंत दुकानात गिऱ्हाइके पाणी मागत उभी होती. दुपारची झोप मोडल्यामुळे माणूस घंटेवर पाटी लावतो, हे पुण्याने दाखवून दिलेच आहे. त्याच कारणावरून महामार्गावर पाटी लावून करोडोंचा व्यवसाय उभा राहतो, ही दुसरी शक्यता हस्टेड दाम्पत्यामुळे प्रकाशात आली.

आज या पाट्या नदीच्याही पूर्वेस सुरू होतात आणि दर काही मैलांनी प्रवाशास गाठत राहतात. फुकट पाणी, पाच सेंटला कॉफी, ताजे डोनट, गायीच्या चामड्याची पादत्राणे, ऐंशी फुटी डायनोसॉर, अशा एकेका आमिषाला एकेक फळी दिलेली असते. आजोबा त्या सर्व वाचतात. आरंभी गाडीतील तरुण पिढी या दुकानाची थट्टा करते व तेथे थांबणार नाही असे जाहीर करते. शंभराव्या मैलास थट्टा थांबते. दीडशेव्या मैलास, डोनट नेमके कसे असतील, असा प्रश्न मागच्या रांगेतून येतो, आणि त्यानंतर थांबावे की नाही हा विषय संपून किती वेळ थांबावे हा विषय सुरू होतो. तत्त्वज्ञानात ज्यास मनःपरिवर्तन म्हणतात त्याचा इतका स्वच्छ, मैलागणिक मोजता येणारा आलेख अन्यत्र मिळणे कठीण आहे. १९६५ च्या महामार्ग सुशोभीकरण कायद्याने रस्त्यालगतच्या जाहिरातफलकांवर निर्बंध आणले, तरी हे आर्जव संपले नाही. दुसऱ्या महायुद्धापासून सैनिकांनी आणि प्रवाशांनी याच दुकानाच्या पाट्या परदेशांत नेऊन लावल्या, आणि लंडनच्या बसपासून अंटार्क्टिकापर्यंत त्यांची नोंद आहे. अंटार्क्टिकात फुकट बर्फाच्या पाण्याचे आकर्षण कोणास वाटले असेल, हा भाग वेगळा.

वॉल येण्याआधी या मार्गावर दोन घटना घडतात. व्हिव्हियन नावाचे जे चिमुकले गाव वाटेत लागते तेथे २३ जुलै २०१० रोजी सुमारे २० सेंटीमीटर व्यासाची आणि ८८० ग्रॅम वजनाची गार पडली व ती अमेरिकेतील आजवरची विक्रमी गार ठरली. शीतकपाटात ठेवलेली ही गार वीज गेल्यामुळे मोजणीपूर्वी काहीशी वितळली होती, म्हणजे विक्रम प्रत्यक्षात याहून मोठा होता. सरकारी पंचनामा होईपर्यंत नुकसानीचा आकार कमी होतो, हा अनुभव विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यास नवा वाटणार नाही.

दुसरी घटना मर्डो गावाच्या पश्चिमेस घडते. तेथे कालविभाग बदलतो आणि घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. गाडीतील भ्रमणध्वनी ते आपोआप मान्य करतात, गाडीचे घड्याळ मान्य करीत नाही, आणि आजींचे मनगटी घड्याळ मुळातच भारतीय वेळेवर ठेवलेले असल्याने त्यास या वादात रस नसतो. सकाळी ते साडेदहा तास पुढे होते, आता साडेअकरा तास पुढे आहे, इतकेच. या तासाचा उपयोग काय करावा यावर गाडीत चर्चा होते आणि चर्चेत तो तास जातो. परतीच्या प्रवासात तोच तास वसूल केला जातो हे कोणत्याही फळीवर लिहिलेले नाही, आणि व्यापाराच्या दृष्टीने ते रास्तच आहे.

या साऱ्या बोलक्या रस्त्यावर एकच आस्थापना अशी होती की जिने कोणालाही बोलावले नाही. १९६० च्या दशकापासून दक्षिण डकोटाच्या कुरणांत जमिनीखाली मिनिटमन जातीची १५० अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रे ठेवलेली होती, आणि वरून पाहणाऱ्यास जाळीचे कुंपण, खडीचा रस्ता व आसपास चरणारी गुरे याखेरीज काही दिसत नसे. कुंपणावर एक पाटी होती. आत येऊ नये, आल्यास प्राणघातक बळाचा वापर केला जाईल, असा तिचा आशय होता. पुणेरी परंपरेतील संपूर्ण मार्गावरची ही एकमेव पाटी म्हणावी लागेल, आणि तिच्या मागे असलेला अधिकार पाहता कोणताही वाडामालक तिचा हेवाच करील. १९९१ च्या अमेरिका-सोव्हिएत शस्त्रकपात करारानंतर ही क्षेपणास्त्रे काढली गेली, आणि १९९९ मध्ये एक नियंत्रणकक्ष व एक रिकामे केलेले विवर राष्ट्रीय स्मारक म्हणून जपले गेले. भूमिगत कक्षाच्या जाड पोलादी दारावर तेथील सैनिकांनी एका प्रसिद्ध पिझ्झा कंपनीच्या खोक्याची नक्कल रंगवून ठेवली असून, जगात कोठेही ३० मिनिटांत पोहोचवू, उशीर झाल्यास पुढचा फुकट, अशा अर्थाचे वचन त्यावर दिलेले आहे. मैदानात पंधरा-वीस वर्षे राहिलेल्या कोणत्याही संस्थेस अखेर जाहिरात करण्याचा मोह होतो, याचे याहून बोलके प्रमाण मिळणार नाही. आता या स्मारकाचीही महामार्गावर पाटी आहे.

येथूनच दक्षिणेस बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यान सुरू होते. मऊ थरांच्या खडकांत पाऊस आणि वारा यांनी सुमारे पाच लाख वर्षांत कोरलेले हे सुळके, घळी आणि रंगीत पट्टे अद्यापही वर्षाला सरासरी एक इंच झिजत आहेत. मैदान येथे एकाएकी फाटून आपल्या पोटातले सर्व दाखवते, आणि दिवसभर ज्या दृश्याची वाट पाहिली ते दृश्य खरे म्हणजे हेच आहे. परंतु निसर्गाने दोनशे मैल आधीपासून फळ्या लावण्याची तरतूद केली नसल्याने गाडीत त्याविषयी पूर्वतयारी झालेली नसते. पहिल्या कठड्यापाशी सर्वजण उतरतात, आजोबा काही क्षण खरोखर गप्प होतात, आजी पुऱ्यांची पिशवी उघडतात, आणि पाचव्या कठड्यापर्यंत उतरणाऱ्यांची संख्या एकावर येते. प्रेअरी डॉग नावाचे खारीच्या कुळातील बिळकरी प्राणी उभे राहून या मंडळींचे निरीक्षण करतात. दुकान केव्हा बंद होते, अशी विचारणा एव्हाना मागून दोनदा झालेली असते.

वॉल येथे पोहोचल्यावर प्रवाशास फसवणूक झाल्याची तक्रार करता येत नाही, ही या दुकानाची खरी कर्तबगारी आहे. पाणी फुकट आहे, बर्फही आहे, कॉफी पाच सेंटला आहे आणि डायनोसॉर ऐंशी फूट आहे. सुमारे सातशे वस्तीच्या गावातील या दुकानाने आता रस्त्याची एक बाजू व्यापली असून त्यात बूट, टोप्या, प्रार्थनागृह, उपाहारगृह आणि शिंगे फुटलेल्या सशाचा अवाढव्य पुतळा आहे, औषधेही मिळतात. फुकट पाणी प्यावयास आलेले कुटुंब दोन तासांनी सहा डोनट, एक काऊबॉय हॅट, चार चुंबकी चित्रे आणि आजोबांसाठी घेतलेला, पुण्यात कोणत्याही ऋतूत वापरता न येणारा, चामड्याचा पट्टा घेऊन बाहेर पडते. पाण्याचा पेला नेमका कितीला पडला, याचा हिशेब आजोबा मनातल्या मनात करतात, परंतु बँकेतील जुन्या सवयीनुसार तो जाहीर करीत नाहीत.

निघताना या दुकानात गाडीवर चिकटवण्यासाठी पट्ट्या मिळतात आणि त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध पट्टीवर, हे वॉल ड्रग आहे तरी कोठे, अशा अर्थाचा प्रश्न छापलेला असतो. दिवसभर ज्याने पाट्या वाचल्या तो प्रवासी आता ती पट्टी स्वखर्चाच्या गाडीवर लावून स्वखर्चाच्या इंधनावर पुढच्या राज्यांत फिरवतो, आणि दुकानास त्यासाठी एक सेंटही मोजावा लागत नाही. आजोबा मात्र आपली पट्टी जपून भारतात आणतात. ती सदाशिव पेठेतील एखाद्या स्कूटरच्या मागच्या बाजूस चिकटते, स्कूटर गल्लीतल्या एका फाटकाशी उभी राहते, आणि वॉल ड्रग कोठे आहे हा तिचा प्रश्न ज्या पाटीसमोर येतो तिच्यावर, येथे पत्ता विचारू नये, असे पूर्वीपासूनच लिहिलेले असते.